युद्धावरून परतलेला डिटेक्टिव्ह आणि तारीख नसलेली आठवण

रहस्यकादंबऱ्यांत एक नायक हमखास भेटतो. युद्धावरून परतलेला, आता खुनांचा तपास करणारा, रात्री दचकून उठणारा. घटनास्थळी बंदुकीच्या दारूचा वास येतो आणि चार पानांचा फ्लॅशबॅक सुरू होतो: खंदक, हल्ला, मित्राचा मृत्यू, सगळं कसं ओळीने!

वासाचं अगदी बरोबर आहे. इतर इंद्रियांचे संदेश आधी मेंदूतल्या थॅलॅमसमध्ये जातात; वासाला हा थांबा घ्यावा लागत नाही. तो जवळजवळ थेट अमिग्डालाकडे, म्हणजे भीतीशी निगडित भागाकडे पोचतो.

गडबड आहे ती 'ओळीने' या शब्दात. घटनेला स्थळ, काळ आणि क्रम जोडण्यात हिप्पोकॅम्पस या मेंदूतल्या भागाचा मोठा वाटा असतो. जिवावर बेततं तेव्हा भीतीची नोंद ठसठशीत होते आणि स्थळकाळाची नोंद कच्ची राहते, अशी मानसशास्त्रज्ञ क्रिस ब्रुइन यांची मांडणी आहे. मग उरतात ते तुकडे: एक शिट्टी, तोंडात गेलेली माती, चिखलात रुतलेला बूट. त्यांच्यावर तारीख नसते, त्यामुळे ते आठवत नाहीत, पुन्हा घडतात. साक्षीदाराला "आधी काय झालं? मग?" असं खोदून विचारणाऱ्या माणसाला स्वतःच्या बाबतीत मात्र ते सांगता येत नाही. माझ्या मते कादंबरीतलं खरं रहस्य हेच असायला हवं, खुनी कोण ते नंतर बघू.

सैनिकांच्या अशा अवस्थेसाठी 'शेल शॉक' हा शब्द डॉ. चार्ल्स मायर्स यांनी पहिल्या महायुद्धात, 1915 मध्ये, 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात वापरला. तोफगोळ्याच्या हादऱ्याने मज्जासंस्थेला इजा होते, असा तेव्हा समज होता. पण स्फोटाच्या जवळपासही न गेलेले सैनिक तसेच थरथरत होते. त्याच युद्धात ब्रिटिश लष्कराने पळून जाणं, भेकडपणा अशा आरोपांखाली आपल्याच तीनशेहून अधिक सैनिकांना गोळ्या घातल्या. त्यांना माफी मिळाली 2006 मध्ये. पीटीएसडी, म्हणजे आघातानंतर मागे राहणारा मानसिक त्रास, हे निदान अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या अधिकृत सूचीत आलं तेही 1980 मध्ये, व्हिएतनाम युद्धानंतर.

भिंतीला पाठ लावून, दारावर नजर ठेवून बसायची नायकाची सवय लेखकांना फार आवडते. जणू त्यामुळेच त्याला धागेदोरे सापडतात! प्रत्यक्षात असं सततचं सावधपण झोप आणि एकाग्रता दोन्ही खातं. तपासाला लागतो तो निवांत विचार त्यात जमणं कठीण.

उपचार मात्र तपासासारखाच असतो. मानसशास्त्रज्ञ एडना फोआ यांच्या पद्धतीत रुग्ण डोळे मिटून ती घटना सुरुवातीपासून शेवटपर्यंत, वर्तमानकाळात, पुन्हा पुन्हा सांगतो आणि त्याचं रेकॉर्डिंग घरी ऐकतो. हळूहळू तुकडे जागच्या जागी बसतात, भीती ओसरते. ती पुसली जात नाही. 'आता धोका नाही' हा नवा धडा जुन्या धड्याशेजारी बसतो आणि अनोळखी जागी जुना कधीकधी वरचढ ठरतो. त्यामुळे बरा झालेला डिटेक्टिव्ह मालिकेच्या पुढच्या भागात नव्या शहरात जाऊन पुन्हा दचकला, तर लेखकाने पानं भरली असं म्हणू नये.