हेकरूचं तोंड

नाशिकपासून समुद्र दूर, तरी मुंबईहून बर्फात येणाऱ्या मासळीमुळे आमच्या बाजारात कधीमधी हेकरू मिळतो. त्या रविवारी तीनेक किलोचा एक पाटावर दिसला. म्हटलं, "मावशी, कापायच्या आधी जरा त्याचं तोंड उघडून दाखवता?"

त्यांनी कल्ल्यात बोटं घालून जबडा ओढला. माझी मूठ सहज जाईल एवढी पोकळी! आत सुईच्या टोकासारखे बारीक दात, घशाकडे कललेले. ते चावायला नसतातच. आत आलेलं निसटू नये म्हणून असतात. हेकरू भक्ष्याचे लचके तोडत नाही, त्याला ओढून घेतो. तोंड झटक्यात उघडलं, कल्ले फाकले की आतली जागा एकदम वाढते, दाब उतरतो आणि समोरचं पाणी माशासकट आत येतं. पापणी लवायच्या आत मासा गिळून झालेला असतो.

लक्षद्वीप-अंदमानच्या प्रवाळांत डायव्हिंग करणाऱ्यांना हेकरू कपारीच्या तोंडाशी स्तब्ध तरंगताना दिसतात. हेकरूला इंग्रजीत ग्रूपर म्हणतात. या कुळातला सर्वांत मोठा, जायंट ग्रूपर, २.७ मीटर लांब आणि ४०० किलोपर्यंत वजनाचा होतो. पण मला आकारापेक्षा यांची अक्कल थक्क करते. भक्ष्य कपारीत घुसलं की एवढं मोठं तोंड काय कामाचं? तांबड्या समुद्रातले हेकरू अशा वेळी मोरे ईलकडे जातात. हा आपल्या वामेसारखा लांबोडा, फटीतून सरकणारा मासा. हेकरू त्याच्या बिळासमोर भराभर डोकं हलवतो. ईल बाहेर येतो आणि दोघं जोडीनं निघतात. भक्ष्य लपलंय तिथे हेकरू डोकं खाली करून उभा राहतो, जणू बोटच दाखवतो. ईल आत शिरला की मासा एक तर त्याच्या तोंडी, नाही तर बाहेर पळताना हेकरूच्या. वाटणी नाही, ज्याला सापडला त्याचा. प्राण्यांच्या वागण्याचा अभ्यास करणारे संशोधक रेदुआन बशारी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे २००६ मध्ये जगापुढे मांडलं.

मावशींनी पोट चिरलं तर गाबोळी, म्हणजे अंडी, निघाली. आपण 'तो हेकरू' म्हणतो, पण यांच्या बहुतेक जाती आधी मादी असतात. अंगानं वाढल्यावर काही माद्या नर होतात. धिप्पाड तेवढेच वेचून पकडले, तर त्या खडकावर नर उरणार किती?

पुढच्या रविवारी मावशींनी हौसेनं दहा किलोचा हेकरू दाखवला. मी बांगडे घेतले.