रॉयल फोटोग्राफिक सोसायटी

हौशी छायाचित्रकारांच्या पुढाकारातून उभी राहिलेली ब्रिटनची राष्ट्रीय संस्था. २० जानेवारी १८५३ रोजी ती लंडनमध्ये स्थापन झाली. चित्रकार सर चार्ल्स ईस्टलेक पहिले अध्यक्ष झाले आणि वकिलीचे शिक्षण घेतलेले रॉजर फेंटन सन्मान्य चिटणीस. त्याच वर्षी राणी व्हिक्टोरिया व प्रिन्स अल्बर्ट यांचा आश्रय मिळाला, नियतकालिकही सुरू झाले.

संस्थेच्या जन्माला एक पेटंट आडवे आले होते. विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बट यांनी १८४१ मध्ये आपल्या कॅलोटाइप पद्धतीचे, म्हणजे कागदी निगेटिव्हचे, पेटंट घेतले. निव्वळ नादापायी फोटो काढणाऱ्यालाही परवान्याची धास्ती असेल तर मंडळ जमणार कसे? बरीच मनधरणी झाल्यावर १८५२ मध्ये टॅल्बट यांनी हक्क सोडला. पैसे घेऊन व्यक्तिचित्रे काढणाऱ्यांवर मात्र तो कायम ठेवला.

फ्रेडरिक स्कॉट आर्चर यांनी १८५१ मध्येच ओल्या कलोडियनची पद्धत पेटंट न घेता जाहीर केली होती. काचेवर कलोडियन हे चिकट द्रावण पसरायचे, काच सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवायची आणि ओल आहे तोवरच फोटो घेऊन ती डेव्हलपही करायची. हाताशी जेमतेम काही मिनिटे. त्यामुळे अंधारखोली सोबत न्यावी लागे. १८५५ मध्ये फेंटन यांनी क्रिमियाच्या युद्धभूमीवर एका वाइन विक्रेत्याची जुनी घोडागाडी त्यासाठी नेली होती. कलोडियनची पद्धतही आपल्याच पेटंटमध्ये येते, हा टॅल्बट यांचा दावा डिसेंबर १८५४ मध्ये ज्यूरीने फेटाळला. आर्चर मात्र १८५७ मध्ये कफल्लक अवस्थेत वारले. छायाचित्रण सर्वांच्या हाती आले याचे श्रेय संस्थेच्याही आधी त्यांना द्यायला हवे.

स्त्रियांना सभासदत्व आरंभापासून खुले होते. कोलकात्यात जन्मलेल्या छायाचित्रकार ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन १८६४ मध्ये सभासद झाल्या. कलेपेक्षा शास्त्रालाच जास्त मान मिळतो, या नाराजीतून छायाचित्रकार हेन्री पीच रॉबिन्सन आदींनी १८९२ मध्ये ‘लिंक्ड रिंग’ हे वेगळे मंडळ काढले. ‘रॉयल’ हे बिरुद १८९४ चे. संस्थेचा छायाचित्रसंग्रह २०१७ पासून लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे.

लंडनपाठोपाठ १८५४ मध्येच मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली. डॉ. भाऊ दाजी लाड व त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी तिचे सभासद होते. १८५६ पासून मुंबईत ‘द इंडियन अमॅच्युअर्स फोटोग्राफिक अल्बम’ दरमहा निघू लागला. त्याच्या प्रत्येक अंकात तीन छायाचित्रे असत. छापलेली नव्हेत, खऱ्या प्रती चिकटवलेल्या.