छापलेल्या ॲल्युमिनिअमला टी-सिक्स कशासाठी?

लेसरने पावडर वितळवून थरावर थर चढवत बनवलेल्या, म्हणजेच छापलेल्या, ॲल्युमिनिअमच्या भागांना ओतकामातली टी-सिक्स हीट ट्रीटमेंट (खूप तापवणे, पाण्यात झटकन गार करणे आणि मग कमी आचेवर धरणे) द्यायची की नाही, हा वाद अजून मिटलेला नाही. दिसायला प्रश्न भट्टीच्या तापमानाचा आहे, पण तो सुरू होतो धातूचा रस गोठतानाच.

झटपट गोठलेले ओतीव बारीक दाण्याचे होते, हे फाउंड्रीत फार पूर्वीपासून ठाऊक आहे. साच्यात चिल (उष्णता पटकन ओढून घेणारे धातूचे तुकडे) बसवतात ते काही अंशी त्याचसाठी. १९६० मध्ये कॅलिफोर्नियात वितळलेल्या धातूचे थेंब थंड तांब्यावर आपटून सेकंदाला सुमारे १० लाख अंश इतका थंड होण्याचा वेग गाठला गेला. एरवी वेगळे होणारे चांदी-तांबे त्यात एकजीव राहिले आणि सोने-सिलिकॉनला स्फटिक व्हायला सवडच मिळाली नाही. पुढे त्यातून ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्याच्या फिती आल्या.

ताकदीच्या दृष्टीने महत्त्वाचा काळ १९८० च्या दशकाचा. घन ॲल्युमिनिअममध्ये लोह जेमतेम ०.०५ टक्के विरघळते. जलद घनीभवनात ते कित्येक टक्के मावते. अशा मिश्रधातूंनी ३०० अंशांच्या आसपास टायटॅनिअमची जागा घ्यावी, अशी विमान उद्योगाची अपेक्षा होती. पण पावडर दाबून, तापवून, एक्स्ट्रूड करून (साच्याच्या भोकातून दाबून काढून) ठोकळा बनवावा लागे. कणांवरच्या ऑक्साइडची साल आड येई आणि खर्चही भारी होता. लोहासारखी संथ सरकणारी मूलद्रव्ये निवडण्यामागे कारणही होते: गोठताना मिळालेली रचना पुढच्या तापवण्यात टिकली पाहिजे.

नेमका हाच धडा लेसरने छापायला घेतलेल्या, १० टक्के सिलिकॉन आणि थोडे मॅग्नेशिअम असलेल्या मिश्रधातूच्या वेळी बाजूला पडला. तो मूळचा ओतकामाचा, म्हणून त्याच्याबरोबर त्याची ट्रीटमेंटही आली. वाळूच्या साच्यात डेंड्राइटच्या (गोठताना झाडासारख्या वाढणाऱ्या स्फटिकाच्या) फांद्यांमधले अंतर ५० मायक्रॉनच्या घरात असते आणि सिलिकॉन जाड, टोकदार पत्र्यांसारखा वाढतो. त्याला ५२०-५४० अंशांवर धरून गोलावणे, पाण्यात विझवणे आणि १६० अंशांच्या आसपास एजिंग करणे (ताकद देणारे सूक्ष्म कण बाहेर पडावेत म्हणून कमी आचेवर धरणे) योग्यच.

लेसरखाली मात्र ॲल्युमिनिअमच्या पेशी, म्हणजे सूक्ष्म कप्पे, अर्ध्या मायक्रॉनच्या होतात आणि त्यांच्याभोवती सिलिकॉनची सलग जाळी बसते. ताकदीचा मोठा वाटा या जाळीचाच. छापून आलेला नमुना साधारण ४००-४५० मेगापास्कलला तुटतो. टी-सिक्सनंतर हा आकडा ३०० च्या आसपास येतो. जाळी तुटते, सिलिकॉनचे काही मायक्रॉनचे खडे होतात आणि एजिंगमधून बाहेर पडणारे मॅग्नेशिअम सिलिसाइडचे कण जी ताकद परत देतात, तिने ही तूट भरून निघत नाही. कोंडलेला वायू फुगून छिद्रे मोठी होतात ते वेगळेच.

टी-सिक्सच्या बाजूचे म्हणणे अगदीच पोकळ नाही. पदार्थ जास्त ताणला जातो, आणि उभ्या-आडव्या दिशेतला फरक कमी होतो. पण त्यासाठी ओतीवासारखीच रचना पत्करायची असेल, तर लेसरचा खर्च कशाला, असे विचारावेसे वाटते. छपाईतले अंतर्गत ताण काढायला बराच काळ वापरलेली ३०० अंशांवर २ तास ही पद्धत तर चर्चेत फारशी येतच नाही. जाळी तीही मोडते. बिल्ड प्लेट (ज्यावर भाग छापला जातो ती पाटी) २०० अंशांपर्यंत गरम ठेवली की ताण मुळातच कमी साठतात, आणि मग १६०-१७० अंशांचे थेट एजिंग पुरते.

छपाईसाठीच बेतलेल्या मिश्रधातूंत हा गुंता राहत नाही. ॲल्युमिनिअममध्ये समतोलात स्कँडिअम जास्तीत जास्त ०.४ टक्क्यांच्या जवळपास विरघळते; लेसरच्या वेगात सुमारे ०.७ टक्के बरेचसे अडकवून ठेवता येते. छपाईनंतर थेट ३२५ अंशांच्या आसपास एजिंग केले की त्याचे सूक्ष्म कण बाहेर पडतात आणि ताकद ५०० मेगापास्कलच्या वर जाते. पाण्यात विझवण्याची पायरी या प्रक्रियेत नाही.