पेन, कीबोर्ड आणि खोडलेली ओळ

कथा-कविता लिहिणाऱ्यांमध्ये एक वाद कायम रंगतो. पहिला खर्डा वहीत लिहायचा की थेट कंप्युटरवर? वहीची बाजू घेणारे हल्ली मेंदूचा दाखला देतात. ‘हाताने लिहिलं की मेंदू जास्त चालतो, हे सिद्ध झालंय,’ असं कुणीतरी म्हणतं आणि विषय तिथेच मिटतो. मीही पहिला खर्डा वहीतच लिहिते. पण हा दाखला मला पुरेसा वाटत नाही. वहीची बाजू भक्कम आहे, फक्त तिचं बळ दुसरीकडे आहे.

आधी मेंदूचं पाहू. नॉर्वेतल्या ट्रॉन्डहाइमच्या विद्यापीठातला एक प्रयोग २०२४ साली प्रसिद्ध झाला आणि जगभर गाजला. ३६ विद्यार्थ्यांच्या डोक्यावर २५६ सेन्सरची जाळी बसवून त्यांच्या मेंदूतल्या विद्युतलहरी मोजल्या. समोर येणारा शब्द कधी डिजिटल पेनने स्क्रीनवर लिहायचा, तर कधी कीबोर्डवर टाइप करायचा. पेनने लिहिताना मेंदूच्या निरनिराळ्या भागांमधला मेळ बराच वाढलेला दिसला. निष्कर्ष खरा आहे, पण प्रयोग नीट वाचायला हवा. टाइप करणाऱ्यांना उजव्या हाताची फक्त तर्जनी वापरायची मुभा होती. शब्द आयते दिलेले होते. ते नंतर किती लक्षात राहिले, हे तपासलेलंच नव्हतं. दिलेला शब्द उतरवणं आणि अजून नसलेलं वाक्य शोधणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि लेखकाचा संबंध दुसऱ्याशी येतो.

लहान मुलांच्या बाबतीत मात्र हस्ताक्षराचा पुरावा मला खरोखर पटतो. अजून वाचायला न शिकलेल्या पाच वर्षांच्या मुलांवरचा एक अभ्यास अमेरिकेतल्या कॅरिन जेम्स यांनी २०१२ साली प्रसिद्ध केला. काही अक्षरं मुलांनी हाताने काढली, काही ठिपक्यांवरून गिरवली, काही टाइप केली. नंतर ती अक्षरं पाहताना मेंदूचं स्कॅनिंग केलं, तेव्हा वाचनासाठी वापरला जाणारा भाग जागा झाला तो स्वतः हाताने काढलेल्या अक्षरांपाशी. कारणही समजण्यासारखं आहे. ‘क’ काढताना हाताला त्याचा प्रत्येक वळसा घ्यावा लागतो, तर कीबोर्डवर ‘क’ असो वा ‘म’, बोटाची हालचाल जवळपास तीच. शिवाय मुलाचा ‘क’ दर वेळी थोडा वेगळा, वेडावाकडा निघतो, आणि त्या वेगळेपणातूनच मेंदू अक्षराचं मर्म टिपतो, असं जेम्स यांचं म्हणणं. पण हा फायदा अक्षरं शिकतानाचा आहे. कादंबरी लिहायला बसलेल्या माणसाने तो कधीच पदरात पाडून घेतलेला असतो.

मग लेखकाला पेन काय देतं? पहिली गोष्ट वेग, खरं तर वेगाचा अभाव.

१,६८,००० लोकांच्या टायपिंगची नोंद घेणारी एक पाहणी २०१८ साली झाली. त्यात सरासरी वेग मिनिटाला ५२ शब्द निघाला. हाताने लिहिणारा याच्या निम्म्यावर पोचला तरी खूप. वर्गातल्या नोट्सवरच्या २०१४ सालच्या प्रसिद्ध प्रयोगात लॅपटॉपवाल्यांनी वक्त्याचे शब्द जसेच्या तसे उतरवले होते, तर वहीवाल्यांना हात पुरत नसल्यामुळे निवड करावी लागली होती. पुढे २०२१ साली तोच प्रयोग पुन्हा केला, तेव्हा वहीवाल्यांच्या आणि लॅपटॉपवाल्यांच्या नंतरच्या चाचणीतल्या गुणांत फरक काही सापडला नाही; जसंच्या तसं उतरवण्याची सवय मात्र तशीच दिसली. म्हणजे साधनामुळे लिहिण्याची रीत नक्की बदलते.

याहून मोलाचा वाटतो तो कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठाचा २०१६ सालचा अभ्यास. तिथे पेन नव्हतंच. विद्यार्थ्यांनी निबंध टाइप केले, काहींनी दोन्ही हातांनी, काहींनी एकाच हाताने. एका हाताने लिहिलेल्या निबंधांत शब्दांची विविधता जास्त होती. संशोधकांचा तर्क असा, की सराईत बोटं मनात पहिला आलेला शब्द लगेच कागदावर, म्हणजे पडद्यावर, टाकून मोकळी होतात. हात थोडा मागे पडला की तेवढ्या वेळात दुसरा, तिसरा शब्द वर येतो. पहिला येणारा शब्द बहुधा सगळ्यांना येणाराच असतो. ललित लिहिणाऱ्याचं सगळं भांडवल त्या दुसऱ्या-तिसऱ्या शब्दात आहे.

पण हळू म्हणजे चांगलं, असंही सरसकट नाही. फ्रान्समधल्या बुर्दँ आणि फायोल या संशोधकांनी १९९४ साली दाखवलं, की लहान मुलांना शब्दांची यादी तोंडी जेवढी आठवते तेवढी लिहून आठवत नाही. अक्षर काढण्यातच त्यांचं लक्ष खर्ची पडतं. मोठ्यांना ही अडचण नसते. पण त्यांनाही सवयीचं नसलेलं अक्षर-वळण वापरायला लावलं, तेव्हा त्यांचंही स्मरण घसरलं. एका वेळी मनात धरून ठेवता येणाऱ्या गोष्टींची जागा मर्यादित असते. तिथे हाताने मुक्काम ठोकला, तर वाक्याला जागा उरत नाही. ज्याचा लिहिण्याचा सराव सुटला आहे, ज्याचं मनगट दुखतं, त्याच्यासाठी पेन हा अडथळाच ठरेल. रोमन अक्षरांतून मराठी टाइप करणाऱ्यांनीही याचा विचार करावा असं मला वाटतं. एका शब्दाची दोन लिप्यांतली स्पेलिंगं सांभाळायची, शिवाय पडद्यावर खाली आलेल्या पर्यायांतून योग्य तो निवडायचा, आणि तेवढ्यात पुढचं वाक्य निसटून जातं. इन्स्क्रिप्टसारखा थेट देवनागरी कीबोर्ड हाताखाली बसला की ही उठाठेव वाचते.

दुसरी गोष्ट खाडाखोडीची, आणि मला तीच मोठी वाटते.

वहीच्या पानावर समजा मी लिहिलं, ‘पाऊस थांबला होता.’ मग ‘थांबला होता’ खोडून वर ‘थांबल्यासारखा वाटला’ लिहिलं. तेही पटलं नाही, म्हणून बाण काढून समासात ‘पाऊस आता ऐकू येत नव्हता’ असं लिहिलं. आता तीनही वाक्यं डोळ्यांसमोर आहेत. चार पानं पुढे गेल्यावर कळतं, की गोष्टीतली बाई आंधळी व्हायला हवी, आणि समासातलं ते वाक्य एकदम कामाचं ठरतं. कंप्युटरवर यातलं एकच शिल्लक राहिलं असतं, तेही त्या क्षणी बरं वाटलं म्हणून.

लुक व्हान वास आणि पीटर यान स्केलेन्स यांचा सराईत लेखकांवरचा २००३ सालचा अभ्यास इथे नेमका लागू पडतो. कंप्युटरवर लिहिणारे लेखक लिहितालिहिताच, तुकड्यातुकड्याने दुरुस्त्या करत होते, त्याही बऱ्याचशा सुरुवातीच्या भागात आणि अक्षर-शब्दांच्या पातळीवर. पूर्ण मजकूर संपल्यावर एकदा सलग तपासण्याचं काम मात्र बहुतेकांकडून राहून जात होतं. पडद्यावरचा मजकूर पहिल्या ओळीपासूनच छापल्यासारखा नेटका दिसतो, म्हणून तो झाला असं वाटतं, असं मला यामागचं कारण दिसतं. क्रिस्टिना हास यांनी १९८९ सालीच नोंदवलं होतं, की वर्ड प्रोसेसरवर लिहिणारे सुरुवात करण्याआधी कमी आखणी करतात. काय सांगायचं आहे याचा विचार घटतो आणि पुढचं वाक्य कोणतं याचा वाढतो. कथेत पुढचं वाक्य सुबक असूनही गोष्ट भरकटते, ती अशीच.

म्हणून माझ्या लेखी वहीतून कंप्युटरवर उतरवण्याचा टप्पा हे कंटाळवाणं कारकुनी काम नाही. सगळा मजकूर पहिल्या शब्दापासून पुन्हा एकदा हाताखालून जातो, जी सलग तपासणी त्या अभ्यासातल्या लेखकांकडून सुटत होती ती आपोआप होते, आणि इथे कीबोर्डचा वेगही उपयोगी पडतो, कारण वाक्य आधीच सापडलेलं असतं. ज्यांना पेन धरणं शक्य नाही त्यांनी नको असलेली ओळ डिलीट न करता खाली नेऊन ठेवावी, रोजची फाइल वेगळ्या नावाने सेव्ह करावी, आणि खर्डा पुरा झाल्यावर त्याची छापील प्रत काढून हातात पेन्सिल घेऊन वाचावी. हास आणि जॉन हेज यांच्या १९८६ सालच्या प्रयोगांत एखादी माहिती पानावर नेमकी कुठे होती हे कागदावर वाचणाऱ्यांना पडद्यावर वाचणाऱ्यांपेक्षा चांगलं आठवलं होतं. दोनशे पानांच्या कादंबरीत दुसऱ्या प्रकरणातली चूक सतराव्या प्रकरणात बसून पकडायची असते, तेव्हा ही आठवण फार उपयोगी पडते.