एरी कालव्याचे इंजिनिअर

एरी कालवा म्हणजे अमेरिकेच्या न्यूयॉर्क राज्यात हडसन नदीकाठच्या ऑल्बनीपासून एरी सरोवराकाठच्या बफेलोपर्यंत खोदलेला 363 मैलांचा (साधारण 584 किमी) जलमार्ग. काम सुरू झालं 4 जुलै 1817 ला, रोम नावाच्या गावात, आणि पूर्ण झालं ऑक्टोबर 1825 मध्ये. कालव्याचं श्रेय बहुतेक वेळा गव्हर्नर डिविट क्लिंटनला जातं, आणि राजकारण त्याने रेटलं हे खरंच आहे. पण आखणी, मोजणी, बांधणी ज्यांनी केली त्यांची कथा वेगळी आहे, कारण काम हातात घेतलं तेव्हा आजच्या अर्थाने त्यांच्यातला एकही जण इंजिनिअर नव्हता.

तेव्हा अमेरिकेत इंजिनिअरिंग शिकायचं तर वेस्ट पॉइंटची लष्करी अकादमी, ती निघाली 1802 मध्ये, बाकी जवळपास काहीच नाही. त्यामुळे कालवा आयोगाने आधी विल्यम वेस्टन या इंग्लिश इंजिनिअरला विचारलं, त्याने आधी अमेरिकेत काम केलेलं होतं, पगारही तगडा देऊ केला, पण तो काही आला नाही. मग घरच्याच लोकांवर भिस्त ठेवावी लागली. बेंजामिन राइट आणि जेम्स गेडिस हे दोन मुख्य, दोघेही जमिनीची मोजणी करणारे आणि दोघेही स्थानिक कोर्टात न्यायाधीश राहिलेले. राइटने निदान वेस्टनच्या हाताखाली थोडं काम पाहिलं होतं. गेडिस मूळचा मिठाच्या धंद्यातला, 1808 मध्ये राज्याने त्याला मार्गाची पहिली पाहणी करायला पाठवलं तेव्हा लेव्हलिंगचं यंत्र त्याने आयुष्यात जेमतेम काही तास हाताळलेलं होतं.

कल्पनासुद्धा इंजिनिअरची नव्हती. जेसी हॉली नावाचा एक पिठाचा व्यापारी कर्जात बुडाला आणि कॅनंडेग्वाच्या कर्जदारांच्या तुरुंगात जाऊन पडला, तिथे बसून त्याने 1807-08 मध्ये ‘हर्क्युलिस’ या टोपणनावाने या कालव्यावर चौदा लेख लिहिले. 1809 मध्ये अध्यक्ष जेफरसनकडे हा विषय नेला तर त्यांचं म्हणणं पडलं की योजना उत्तम आहे, शंभर वर्षांनी करा, आत्ता तिचा विचार म्हणजे जवळपास वेडेपणा. केंद्राचा पैसा मिळाला नाही, शेवटी राज्याने स्वतः कर्जरोखे काढले. खर्च 70 लाख डॉलरच्या वर गेला.

अडचण काय होती ते नीट समजून घ्यायला हवं. बफेलो ऑल्बनीपेक्षा साधारण 570 फूट उंचावर आहे आणि मधे जंगल, दलदल, नद्या, खडक. कालव्यात पाणी जवळपास सपाटच राहायला हवं, उतार जास्त झाला तर काठ खचतात, उलटा झाला तर पाणी पुढे सरकतच नाही. म्हणून सगळी मदार लेव्हलिंगवर, म्हणजे कुठली जागा कुठल्या जागेपेक्षा किती वर आहे हे मोजण्यावर. पद्धत दिसायला साधी: तिकाटण्यावर दुर्बीण, तिच्यावर पातळी दाखवणारी बुडबुड्याची नळी, आणि लांब एक माणूस खुणांची पट्टी सरळ धरून उभा. दुर्बिणीतून आकडा वाचायचा, वहीत लिहायचा, यंत्र उचलून पुढे न्यायचं आणि हेच शेकडो वेळा, झाडीतून, चिखलातून, डासांतून. प्रत्येक वेळी केसभर चूक झाली तरी ती साठत जाते. राइट आणि गेडिसने एकमेकांचं काम तपासायला वेगवेगळ्या वाटांनी सुमारे शंभर मैलांची लेव्हल घेतली आणि शेवटी आकडे जुळवले तर फरक दोन इंचांपेक्षा कमी. त्या दिवसानंतर या लोकांना कालवा जमेल की नाही ही शंका बऱ्यापैकी मिटली असावी.

काम मधल्या टप्प्यापासून काढलं हेही शहाणपणाचंच, कारण युटिकापासून पश्चिमेला पन्नासहून जास्त मैल जमीन इतकी सपाट होती की एकही लॉक लागलं नाही (लॉक म्हणजे दोन्ही टोकांना दरवाजे असलेला दगडी हौद, त्यात पाणी भरून किंवा सोडून होडी वरखाली करतात). सोप्या जागी हात बसवायचा आणि मग अवघड काढायचं. कालवा वर 40 फूट रुंद, तळाला 28 आणि खोली फक्त 4 फूट, होड्या काठावरून घोडे-खेचरं ओढणार. काम छोट्या छोट्या तुकड्यांत स्थानिक शेतकऱ्यांना कंत्राटाने दिलं, आणि या लोकांनी जुगाडही भारी केले. झाडांचे बुंधे उपटायला एक यंत्र होतं: 16 फूट व्यासाची दोन चाकं, 30 फूट लांबीचा आस आणि मधे तिसरं, जरा लहान चाक, त्याला दोर गुंडाळून जनावरांनी ओढायचा आणि आसाला बांधलेली साखळी बुंधा मुळासकट वर काढायची. सात माणसं आणि जनावरांची एक जोडी दिवसाला तीस-चाळीस बुंधे काढत. ऑक्टोबर 1819 मध्ये रोम ते युटिका पहिली होडी निघाली, तिचं नाव काय ठेवलं तर ‘चीफ इंजिनिअर’, राइटच्या मानासाठी.

तरुण पोरांमध्ये सगळ्यात महत्त्वाचा कॅनव्हस व्हाइट. हा 1817 च्या शेवटी इंग्लंडला गेला आणि तिथल्या कालव्यांच्या काठाकाठाने पायी फिरून लॉक, पूल, दरवाजे यांची चित्रं काढून यंत्रांसकट परत आला. पण त्याचं खरं काम पुढचं. दगडी लॉक बांधायला पाण्याखाली घट्ट होणारा चुना हवा, साधा चुना पाण्यात टिकत नाही आणि असा माल युरोपातून आणायचा तर परवडत नाही. नेमका चिटनँगो गावाजवळ एक चुनखडक सापडला जो भाजून पाणी मारलं तरी साध्या चुन्यासारखा फुटून पूड व्हायचा नाही, कंत्राटदार वैतागले. व्हाइट आणि डॉ. बार्टो यांनी तो भाजला, कुटला, वाळूत कालवला, गोळा करून रात्रभर पाण्याच्या बादलीत ठेवला आणि सकाळी गोळा दगडासारखा कडक, जमिनीवर घरंगळवला तरी फुटेना, असं सांगतात. व्हाइटने 1820 मध्ये पेटंट घेतलं. कंत्राटदारांनी माल बिनधास्त वापरला आणि रॉयल्टी द्यायला नको, तो कोर्टात गेला, राज्याने त्याला मोबदला द्यावा असा विषय विधिमंडळात निघाला तोही बारगळला. ज्या मालावर सगळी लॉक उभी आहेत त्याचं मोल द्यायला राज्याने हात आखडता घेतला हे काही शोभणारं नव्हतं. व्हाइट 1834 मध्ये फ्लोरिडात वारला, वय चव्वेचाळीस.

पश्चिमेकडे काम कठीण होत गेलं. माँटेझुमाच्या दलदलीत 1819 च्या उन्हाळ्यात सुमारे हजार मजूर तापाने आजारी पडले, बहुधा मलेरियाच, त्यामुळे तिथलं काम थंडीवर ढकलावं लागलं. रोचेस्टरला जेनेसी नदीवरून कालवाच नेला, 802 फूट लांबीच्या दगडी कमानींच्या पुलावरून, म्हणजे खाली नदी आणि वर होड्या. आणि लॉकपोर्टला तर समोर साठेक फुटांचा खडकाचा कडाच उभा, हा तोच कडा ज्यावरून थोडं पश्चिमेला नायगरा कोसळतो. तिथे नेथन रॉबर्ट्सने एकाला एक लागून पाच लॉकचा जिना काढला, तोही दुहेरी, एका बाजूने होड्या चढतायत आणि दुसरीने उतरतायत. हा रॉबर्ट्स आधी शाळेत गणित शिकवायचा. जिन्याच्या पुढे मैलोन्मैल कठीण खडक सुरुंगाची दारू ठासून फोडावा लागला, त्यात किती मजूर, बरेचसे आयरिश, जायबंदी झाले आणि मेले. इंजिनिअरांची नावं राहिली, यांची नाही. आणि ही सगळी जमीन मुळात इरोक्वा म्हणजे हॉडेनोशोनी लोकांची, ती त्यांच्या हातातून आधीच काढून घेतली होती आणि कालव्याने वस्ती वाढल्यावर उरलेल्या जमिनीवरही दबाव आला.

एकूण 83 लॉक आणि 18 जलसेतू (रोचेस्टरसारखे, नदीवरून कालवा नेणारे पूल) झाले. बफेलो ते न्यूयॉर्क एक टन माल न्यायला आधी साधारण 100 डॉलर पडायचे ते 10 च्या आसपास आले, टोलमधून कर्जही फिटलं.

पण या नोंदीच्या दृष्टीने कालव्यातून निघालेली मोठी गोष्ट म्हणजे माणसं. इथे शिकण्याची एक उतरंडच तयार झाली होती: आधी कुऱ्हाड घेऊन झाडं तोडायची, मग पट्टी धरायची, मग लेव्हल घ्यायची, मग एखादा टप्पा सांभाळायचा. जॉन जर्व्हिस 1817 मध्ये एकविसाव्या वर्षी कुऱ्हाडवाला म्हणून लागला आणि दोन वर्षांत 17 मैलांच्या टप्प्याचा इंजिनिअर झाला, पुढे न्यूयॉर्क शहराला पाणी देणारी क्रोटन योजना (1842) त्यानेच बांधली, आणि रेल्वे इंजिनाला पुढे चार चाकांची फिरती बोगी लावायची कल्पना 1832 च्या ‘एक्सपेरिमेंट’ इंजिनात त्याचीच. राइट पुढे चेसापीक-ओहायो कालव्याचा चीफ इंजिनिअर झाला, गेडिसने ओहायोत मार्ग आखले. न्यू जर्सीतली आपली मंडळी ज्या डेलावेअर-रॅरिटन कालव्याच्या काठाने फिरायला जातात तो व्हाइटचा. 1824 मध्ये कालव्याजवळच्याच ट्रॉय गावात रेन्सेलिअर शाळा निघाली आणि 1826 मध्ये तिथले प्राध्यापक एमॉस ईटन विद्यार्थ्यांना चक्क कालव्यातल्या होडीत घालून शिकवत फिरले. 1835 मध्ये तिथे सिव्हिल इंजिनिअरिंगच्या पदव्या सुरू झाल्या.

मूळ कालवा काही वर्षांतच अपुरा पडला, 1836 पासून तो 70 फूट रुंद आणि 7 फूट खोल करायला घेतला, ते काम 1862 पर्यंत चाललं, आणि 1918 मध्ये त्याच्या जागी नवा मोठा बार्ज कालवा आला ज्याने बराचसा जुना मार्ग सोडून सरळ नद्याच वापरल्या.