प्रश्न आठवड्यानंतर विचारा

एक छोटी गोष्ट ऐकवायची: कोण कुठे गेलं, काय हरवलं, कोणाला सापडलं. अर्ध्या तासाने विचारायचं, 'सांगा बघू, काय काय आठवतंय?' स्मरणशक्तीच्या बहुतेक चाचण्या इथेच संपतात. पन्नाशीतला, कामात मुरलेला माणूस त्या आरामात पार करतो. 1975 पासून वापरात असलेली एमएमएसई ही स्मरणशक्ती आणि विचारशक्तीची 30 गुणांची छोटी चाचणी तर त्याला पोरखेळ वाटते.

अडचण अशी की अल्झायमरमध्ये अमिलॉइड प्रथिन मेंदूत साचायला लागतं ते लक्षणं दिसण्याच्या 15-20 वर्षं आधी. म्हणजे ऐन चाळिशी-पन्नाशीत.

लंडनच्या संशोधकांनी 2018 मध्ये एक साधी युक्ती केली. ज्यांच्या घराण्यात एका जनुकदोषामुळे लहान वयातच अल्झायमर होतो, अशा लोकांना त्यांनी शब्दांची यादी, एक गोष्ट आणि एक आकृती लक्षात ठेवायला दिली. अर्ध्या तासाने दोष असलेले आणि नसलेले सारखेच ठरले. सात दिवसांनी पुन्हा विचारलं, तेव्हा दोष असलेल्यांना बरंच कमी आठवलं. लक्षणं सुरू व्हायला त्यांच्याकडे सरासरी सुमारे 7 वर्षं बाकी होती!

दोन कापडं पहिल्या दिवशी सारखीच रंगलेली दिसतात. कच्चा रंग कोणता ते धुतल्यावर कळतं. आठवणीचंही तसंच. मेंदूतला हिप्पोकॅम्पस हा भाग ती टिपून घेतो, पण ती पक्की व्हायला पुढचे कित्येक दिवस आणि झोपेच्या रात्री लागतात. बिघाड बहुधा या पक्क्या होण्यातच असावा. अर्थात असे जनुकदोष फार विरळा. सरसकट सगळ्यांना हा निष्कर्ष लावण्याची घाई नको.

बिघाड लवकर हेरण्याची दुसरी वाट जागेच्या आठवणीची. चार डोंगरांचं चित्र काही सेकंद दाखवतात, मग चार चित्रांतून तेच डोंगर वेगळ्या बाजूने ओळखायचे. 40 ते 59 वयाच्या, डिमेन्शियाचा (स्मृतिभ्रंशाचा) धोका जास्त असलेल्या लोकांना हे तुलनेने जड गेलं.

मात्र अपुरी झोप, नैराश्य, थायरॉइड किंवा बी-12 ची कमतरता यांनीही गुण घसरतात. म्हणून एका दिवसाच्या आकड्याला मी फारशी किंमत देणार नाही. त्याच माणसाचे वर्षभरापूर्वीचे गुण शेजारी असतील, तर गोष्ट वेगळी.