उतारा (मद्याचा)

मद्य अधिक प्यायल्यावर दुसऱ्या दिवशी जाणवणारी डोकेदुखी, तहान, मळमळ, अरुची व ग्लानी शमवण्यासाठी घेतले जाणारे अन्न, पेय वा औषध. भांग आणि विष यांच्या निवारणालाही मराठीत हाच शब्द आहे. सात-बाराचा उतारा अर्थातच वेगळा. मद्यपानानंतरच्या या त्रासाला हल्ली ‘हँगओव्हर’ हेच नाव रूढ झाले आहे. अरबी ‘खुमार’चा मूळ अर्थ नेमका हाच होता, मराठी ‘खुमारी’त त्यातील त्रास गेला आणि गोडी तेवढी उरली.

सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात (अध्याय ४७) पानात्यय, परमद, पानाजीर्ण व पानविभ्रम असे मद्यविकार सांगितले असून माधवनिदान या रोगनिदानावरील ग्रंथातही तीच विभागणी आढळते. त्यांपैकी अंग जड होणे, अरुची, तहान, डोके व सांधे दुखणे ही परमदाची लक्षणे हँगओव्हरशी सर्वाधिक जुळतात. हँगओव्हरसाठी सरसकट ‘मदात्यय’ हा शब्द योजला जातो, तो तितकासा नेमका नाही. चरकसंहितेतील मदात्यय अधिक व्यापक व गंभीर असून त्याचा उपचार सात-आठ दिवस चालतो.

चरकाच्या मते (चिकित्सास्थान, अध्याय २४) अयोग्य रीतीने वा प्रमाणाबाहेर घेतलेल्या मद्याने जडलेला विकार योग्य मात्रेतील मद्यानेच शमतो. त्याची उपपत्ती अशी : अतिमद्याने अन्नरस विदग्ध (अर्धवट पचलेला) होऊन क्षारत्व पावतो, क्षाराला अम्लाची जोड मिळाली की तो लवकर मधुर होतो, आणि अम्ल द्रव्यांत मद्य श्रेष्ठ. वातप्रधान विकारात महाळुंग, वृक्षाम्ल (एक आंबट फळ), बोर, डाळिंब, ओवा, जिरे, सुंठ व मीठ घालून धान्याचे मद्य देण्यास सांगितले आहे. एवढ्याने न भागल्यास मद्याच्या विरुद्ध गुणांचे दूध द्यावे, असा क्रम आहे. हे मत चरकाचेच का, असा प्रश्न येतो, कारण चिकित्सास्थानातील सतरा अध्याय नंतरच्या दृढबलाने (बहुधा चौथे-पाचवे शतक) पुरे केले. ते कोणते, याविषयी मतभेद आहे, कारण बंगाली परंपरेतील अध्यायक्रम निराळा आहे. टीकाकार चक्रपाणिदत्त मदात्ययाचा अध्याय दृढबलाचा मानत नाही, आणि तेच मत सामान्यतः स्वीकारले जाते.

‘मद्यविकार दूर करणारा’ म्हणून सांगितलेला खर्जूरादी मंथ (घुसळून केलेले पेय) चरकसंहितेच्याच सूत्रस्थानात (अध्याय २३) येतो. खजूर, मनुका, वृक्षाम्ल, अम्लिका, डाळिंब, फालसा व आवळा ही त्याची द्रव्ये. मध्ययुगीन वैद्यक ग्रंथकार शार्ङ्गधराच्या पद्धतीनुसार मंथासाठी एक पल (जुने वजन) कुटलेली द्रव्ये चार पल थंड पाण्यात घुसळतात. यातील वृक्षाम्ल म्हणजे कोकम की आणखी काही, हा जुना वाद. काहींनी ते चिंच मानले. परंतु चिंच (अम्लिका) त्याच श्लोकात स्वतंत्रपणे आली असल्याने हे टिकत नाही. शार्ङ्गधर त्या जागी ‘तिंतिडीक’ घालतो आणि भावप्रकाश या वैद्यकग्रंथात तो वृक्षाम्लाचा पर्यायी शब्द म्हणून दिला आहे. तिंतिडीक म्हणजे हिमालयातील सुमाकवर्गीय झुडूप, असेही एक मत आहे. कोकम हे पश्चिम घाट व कोकणपट्टीचे झाड, मग चरकासारख्या वायव्येकडील ग्रंथकाराला ते कसे ठाऊक असेल, हा आक्षेप त्यामागे आहे. मात्र कोकमाची वाळवलेली साल दूरवर नेता येते. तेव्हा वृक्षाम्ल म्हणजे कोकम हेच अधिक ग्राह्य वाटते.

महाराष्ट्र व गोव्यात लिंबूपाणी, ताक, सोलकढी, चिंचेचे पाणी, लोणच्याबरोबर पेज हे उतारे प्रचलित आहेत. आंबटावरील भर उघड असला, तरी तो ग्रंथांतून आला असे म्हणता येत नाही.

आधुनिक वैद्यकानुसार मद्यामुळे मूत्र रोखणाऱ्या व्हॅसोप्रेसिन संप्रेरकाचे स्रवण घटून शरीरातील पाणी कमी होते. अ‍ॅसिटाल्डिहाइड व मद्यातील मिथेनॉलसारखी आनुषंगिक द्रव्येही कारणीभूत मानली जातात. मद्याने काही काळ बरे वाटले, तरी त्रास केवळ पुढे ढकलला जातो. २००५ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेल्या, आठ चाचण्यांच्या आढाव्यात कोणत्याही उपायाचा खात्रीलायक पुरावा आढळला नाही. पाणी, मीठ-साखर व हलके अन्न निरुपद्रवी. पॅरासिटामॉल मात्र अतिमद्यपानानंतर यकृताला अपायकारक ठरू शकते.